पायाचा तोल, डोक्याचा तोल

मी घर सोडलं त्या सकाळी दादानं माझी पुस्तकं मेंढरांच्या वाड्यात फेकली. वाडा म्हणजे आमच्याकडं बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत मेंढरं आणि घोट्यापर्यंत लेंड्या. बाहेर गाडी जुंपून तयार होती. सिरसाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवरून सोनपेठ, तिथून गंगा ओलांडून परभणी, आणि परभणीहून आगगाडीनं हैदराबाद असा रस्ता ठरलेला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. परभणीपर्यंत दादा सोबत येणार होता. पुस्तकांचा गठ्ठा गाडीत ठेवायला त्यानंच उचलला. उचलला, जरा वेळ तसाच हातात धरून उभा राहिला, आणि कुणाला काही कळायच्या आत कुंपणावरून भिरकावून दिला.

"जा," म्हणाला. "जा तिकडं. आन पुन्हा या दारात पाय ठिवू नको."

मग तो गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. चौतीस वर्षांचा माणूस. बीडच्या शाळेत मला घालायला हाच गाडी घेऊन आला होता. दर सुट्टीला न्यायला हाच यायचा. शेजारच्या वस्तीवरच्यांना अडवून सांगायचा, "आमचा रंग्या डागतर होनार हाय, मंग तुमची खोकली त्यालाच दाखवा."

मी वाड्यात उतरलो, पुस्तकं वेचली, धोतरानं पुसली आणि गाडीत बसलो. दादाच्या पाया पडलो नाही. शेजारचा एक माणूस गाडी हाकायला आला. माय थोडं अंतर गाडीमागून चालत आली. एवढंच म्हणाली, "त्याचा तोल गेलाय रे. मनावर घिऊ नको."

मी मनावर घेतलं. तुम्ही जे तिथंच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना सांगतो, मी ते वाक्य आठ वर्षं मनावर घेऊन बसलो. दारात पाय ठेवू नको म्हणालास ना, नाही ठेवणार. आमच्या सगळ्या कुळात मॅट्रिकच्या पुढं शिकलेला मी पहिला, आणि त्या अभिमानानं माझी मान अशी ताठ झाली होती की मागं वळायलाच तयार नव्हती.

हैदराबादेत मुसी नदीच्या पलीकडं मला एक खोली मिळाली. खिडकी नव्हती, पण छपरात एक कौल काचेचं होतं. शिक्षण उर्दूत आणि इंग्रजीत. उर्दू मला येत होती, पण ती आपल्या तहसिलीतली उर्दू. अर्जी, सबब, हजर, गैरहजर, दस्तखत. तिथली मुलं बोलत ती वेगळीच भाषा होती. मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच मेंढरासारखं ओरडे. माझ्या गावचं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी पहिल्या परीक्षेत वर्गात पहिला आलो, तेव्हा ओरडणं थांबलं. पण त्यानंतर माझ्याशी बोलणंही थांबलं.

खरं सांगतो, त्या काळात आठवड्यातून एक दिवस मी बकऱ्यांच्या बाजारात जायचो. घ्यायचं काहीच नसे. दख्खनी मेंढरं घेऊन आलेली माणसं कधी नांदेडकडची असत, कधी बिदरकडची. त्यांच्यात तासभर उभं राहायचं, लोकरीचा वास घ्यायचा, कुणी मराठीत शिवी हासडली तर ती ऐकायची आणि परत यायचं. एकदा एकानं विचारलं, "कावून उभं ऱ्हायलाव साहेब? जनावर बघायचं का?" मला इतकं बरं वाटलं की मी उगाच एका मेंढ्याचे दात बघितले.

घरी पत्र फक्त मायच्या नावानं जायचं. आमच्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं. सिरसाळ्याच्या बाजाराच्या दिवशी शाळेचे गुरुजी पारावर बसून लोकांची पत्रं वाचत आणि लिहीत. मायचं पत्र त्यांच्या अक्षरात यायचं. दादाबद्दल मी काही विचारत नसे. तीच शेवटी एक ओळ घाले, "दादा बरा हाय, पाय जरा डुलतेत."

ते डुलणं आमच्या घरात जुनं होतं. आज्जा डुलायचा, बाप डुलायचा. चालताना पाय फाकवून, हात पसरून, रस्त्याच्या या काठावरून त्या काठाला. मग बोलणं जड व्हायचं, मग घास तोंडाशी न जाता गालाला लागायचा. गावात आमच्या घराचं नाव पडलं होतं डुलत्याचं घर. बाप शिंदी पितो, असं सगळे म्हणत. बापानं जन्मात शिंदीला हात लावला नव्हता. पण लहानपणी मीसुद्धा त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघितला आहे. वास यायचा नाही, तरी माझी खात्री पटायची नाही. मी बीडला शिकत असतानाच तो गेला.

शिक्षणाच्या शेवटच्या, सहाव्या वर्षी वॉर्डात एक गवंडी दाखल झाला. नळगोंड्याकडचा. प्रोफेसरसाहेबांनी त्याला चालायला लावलं, आणि माझ्या हातातली वही खाली पडली. तोच फाकलेला पाय, तेच पसरलेले हात. साहेब त्याला म्हणाले, बोट नाकाला लाव. बोट नाकाजवळ आलं, थरथरलं आणि कानाकडं निघून गेलं. साहेबांनी वर्गाला सांगितलं, हा मेंदूच्या मागच्या भागाचा, लहान मेंदूचा आजार. बापाकडून लेकाकडं येतो. तिशी-चाळिशीत दिसायला लागतो. पाय जातात, हात जातात, बोलणं जातं. मन मात्र शेवटपर्यंत साफ राहतं. पुस्तकात असंच लिहिलेलं होतं. लहान मेंदूचं काम काय, तर शरीराचा तोल सांभाळणं. बाकी काही नाही.

वर्ग संपल्यावर मी साहेबांच्या मागं गेलो आणि सांगितलं, माझा आज्जा असाच होता, बाप असाच होता, आता भाऊ डुलायला लागला आहे. साहेब भला माणूस. पण त्यांचे डोळे चमकले ते मला दिसलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मियाँ, तुम्हारा घर तो पूरी किताब है." मला राग यायला हवा होता. मला अभिमान वाटला. डुलत्याचं घर पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाचं ठरलं होतं.

त्या दिवशी साहेबांनी मला विषय दिला. घराण्यातल्या या आजाराची नोंद ठेवायची. सुरुवात कशी होते, कुठल्या क्रमानं वाढतो, महिन्याला किती बदल होतो. मी मायला पत्र लिहिलं. गुरुजींना वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं: दादाचा तोल महिन्यात किती वेळा जातो ते मोजून कळव.

मायला अंक येत नव्हते. तिनं तिच्या रीतीनं मोजलं. काळ्या लोकरीचा सुतळीएवढा दोरा वळला आणि दर वेळी त्याला एक गाठ मारली. महिना संपला की दोरा तोडून गुरुजींच्या पाकिटात. पाकीट उघडलं की खोलीभर मेंढरांचा वास यायचा. मी गाठी मोजायचो, तक्त्यात 'गिरना', म्हणजे पडणं, असा रकाना केला होता त्यात आकडा लिहायचो, आणि दोरा उशीखाली ठेवायचो. नऊ गाठी. अकरा. चौदा. दोन वर्षं हे चाललं. मी पास झालो, डॉक्टर झालो, त्याच दवाखान्यात नोकरीला लागलो, आणि दोरे येत राहिले.

एके दिवशी साहेब माझे तक्ते घेऊन बसले. भुवया वर करून म्हणाले, "तुमचा भाऊ महिन्यात चौदा वेळा पडतो. दोन वर्षांत एक हाड मोडलं नाही? एक जखम नाही? मियाँ, भाई गिरता है या तुम्हारी क़लम?"

मीच घरी गेलो नव्हतो, तर जखमा कुठून बघणार. घरी न जाण्याला साहेबांना मी कामाचं निमित्त सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिंद्रुडहून एक जोडपं आलं. नवरा शेतकरी, पाय गेलेले. बायको त्याला पाठीवर घेतल्यासारखी धरून आणत होती. दिंद्रुड म्हणजे आमच्या वस्तीपासून फार लांब नाही. तिचं बोलणं ऐकून मी सगळ्या कामांतून आधी त्यांच्याकडं गेलो. नोंदीची वही उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "तोल कधीपासून जातो?"

ती म्हणाली, "कंचा? पायाचा का डोक्याचा?"

ती मला समजावून सांगायला लागली, अडाण्याला सांगावं तसं. "पायाचा म्हनाल तर औंदा दिवाळीपासनं. डोक्याचा त्येच्या आधी दोन वरसं. उगंच खवळायचे, उगंच रडायचे. बैल सोडायच्या आधीच नांगर उचलायचे. म्या म्हनलं, कुनी करनी केलीया. तुमी डागतर हाव ना? मंग तोल इच्यारताव आन कंचा ते सांगत न्हाई."

नवरा खाटेवरून हळूच म्हणाला, "तिला... बोलू द्या साहेब. घरी बी... हेच चालतंय."

मी हसलो. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. माय गाडीमागून चालत येऊन काय म्हणाली होती? त्याचा तोल गेलाय. ती पायांबद्दल बोलत नव्हती, हे त्या दिवशी मला बरोबर कळलं होतं. आपल्या भाषेत माणूस पडला तरी तोल जातो, आणि भडकला तरी तोलच जातो. हे मला शिकवावं लागत नव्हतं. हैदराबादेत आठ वर्षं राहून माझ्या कानातला तो अर्धा अर्थ गळून गेला होता. मायचा शब्द मी परक्यासारखा ऐकला आणि परक्याच्या रकान्यात लिहिला.

मी घरी विचारलं, त्या गाठी कशाच्या. गुरुजींच्या अक्षरात उत्तर आलं, पण बोलणं सगळं मायचं. "पाय तर रोजच डुलतेत, त्येच्या काय गाठी मारायच्या? गाठी डोक्याच्या. मोठी गाठ रागाची. बारकी रडन्याची. दुहेरी म्हंजी कामाचा क्रम चुकला, मेंढरं पाजायच्या आधीच कोंडली असं. तुला कळलं असंल म्हनून सांगितलं न्हाई. एवढं शिकलास, गाठी वळखू येत न्हाईत का?"

उशीखालचे सगळे दोरे मी टेबलावर मांडले. मोठ्या, बारक्या, दुहेरी. दोन वर्षं माझ्या मानेखाली होत्या आणि मी फक्त त्यांचा आकडा काढला होता. पुस्तक म्हणत होतं, मन साफ राहतं. माझी माय म्हणत होती, मन आधी जातं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं दोन वर्षं जी नोंद ठेवली ती आमच्या सबंध वॉर्डात कुणी ठेवली नव्हती.

पत्राच्या शेवटी तिनं एक ओळ घातली होती. "पैली गाठ मारायची झाली तर तू गेलास त्या सकाळची मारावी लागंल. त्येच्या आधी तसं कदी न्हाई झालं."

ही ओळ वाचून मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. डॉक्टर म्हणून मला पुरावा मिळाला होता. त्या सकाळी दादाचे पाय सरळ होते, मी स्वतः पाहिले होते. पाय जायच्या आधी मन गेल्याची ती पहिली खूण होती. आणि भाऊ म्हणून मला सुटका मिळाली होती. ते वाक्य दादाचं नव्हतंच. लहान मेंदूतल्या कुजलेल्या पेशींचं होतं. माझ्या भावानं मला दारातून हाकललं नव्हतं, आजारानं हाकललं होतं. आठ वर्षं मी एका आजारावर रुसून बसलो होतो.

मी लेखाचा मसुदा केला. उर्दूत एक, इंग्रजीत एक. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं: मरीज़, वय चौतीस, पहिलं लक्षण, धाकट्या भावाच्या प्रवासाच्या वेळी बेसबब गुस्सा आणि त्यानंतर रडणं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, यावर सगळं उभं आहे, हे वाक्य अजिबात हलवू नका. मी दुसऱ्या दिवशी रजा घेतली.

सोनपेठहून पुढं गाडी न मिळाल्यामुळं मी चालतच निघालो. वस्ती दिसली तसा माझा हात शर्टाच्या खिशातल्या मसुद्याच्या कागदावर गेला. दारात पाय ठेवताना एकदा थबकलो, एवढं कबूल करतो. वैनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. "या भावजी. वाट चुकला वाटतं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मायनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. तिला दिसणं कमी झालं होतं. मी बाहेर राहिलो त्या वर्षांत ते झालं होतं आणि एकाही पत्रात तिनं लिहून घेतलं नव्हतं.

दादा भिंतीला पाठ लावून बसला होता. बसल्या जागीही डुलत होता. केस पिकलेले, हात मांडीवर धरून ठेवलेले, म्हणजे ते इकडंतिकडं जाऊ नयेत. माझ्याकडं बघून त्यानं ओठ हलवले. बराच वेळ गेला आणि मग शब्द आला, एक एक अक्षर दगडासारखं उचलून ठेवावं तसा. "रं...ग्या."

मी त्याच्या पाया पडलो. आठ वर्षांपूर्वीचं राहिलेलं. मग समोर बसलो आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. लहान मेंदू कुठं असतो, बाप शिंदी पीत नव्हता हे आता पुस्तकातूनच कसं सिद्ध होतं, गाठींतून काय कळलं. तो ऐकत होता. बापाचं ऐकून त्याचे डोळे भरले आणि त्यानं मान हलवली. मला जोर चढला. मी कागद काढला आणि वाचून दाखवला. त्या सकाळचं जे झालं ते तुझं नव्हतं दादा, हे बघ, इथं लिहिलंय, बेसबब गुस्सा.

"काय... म्हनलास?"

"बेसबब. म्हणजे काही कारण नसताना..."

"बेसबब... म्हाईत हाय... मला. तहसिलीत... लई खेटे... घातलेत म्या." तो थांबला, श्वास घेतला. "सबब... व्हता रे."

माय दाराशी बसली होती. तिनं मान वर केली.

दादाला ते सांगायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. वाक्यं त्याची तुटकी होती, मी जोडून सांगतो. त्या साली लोकर कातरताना त्यानं तीन मेंढ्यांना जखमा केल्या होत्या. कातर धरलेला हात ठरवलेल्या जागेच्या पुढं जात होता. बापाचा हात असाच गेला होता. त्याला कळलं होतं, आता आपला नंबर. हे त्यानं वैनीला सांगितलं नाही, मायला सांगितलं नाही. मला सांगितलं असतं तर मी शिकायला गेलो नसतो. मला धाडायचंच होतं त्याला. आणि धाडायचं नव्हतंही. बाप नाही, हात चाललेले, आणि आता धाकटा भाऊही चालला. पुस्तकांचा गठ्ठा उचलला तेव्हा तो हातात थरथरायला लागला. मी ते बघीन अशी त्याला भीती वाटली, म्हणून त्यानं तो फेकला.

"पन दादा," मी म्हणालो, "भीती खरी असली तरी इतका भडका उडणं, त्यानंतर तसं रडणं, ते आजाराचंच असणार. तुझा त्यात दोष नाही एवढंच मी..."

"दोष... कोन म्हनलं?" त्यानं मांडीवरचा एक हात सोडला. तो हात हवेत गेला, डगमगला आणि माझ्या गुडघ्यावर येऊन पडला. "पाय... आजाराचे घे. हात घे. बोलनं... घे. राग... ठिव मला."

मी कागदाची घडी घातली.

"भावावर... रागवायचं बी न्हाई... तर मंग... म्या कोन रे?"

मग माय म्हणाली, "झालं का तुमचं? भाकर निवायली." वैनीनं ताटं आणली. दादाला तिनं भरवलं. मी भरवायला गेलो तर म्हणाली, "तुमाला जमायचं न्हाई, घास कुठं पळतो ते कळाय लागतं." ते मला खरंच जमलं नाही.

हैदराबादेत परत आल्यावर मी 'बेसबब' खोडला. साहेबांना वाटलं माझं डोकं फिरलं. ते म्हणाले, सबब असेल तर ते लक्षण होत नाही, तो माणसाचा स्वभाव झाला, आणि पाय जायच्या आधी मन गेल्याचा तोच एक पुरावा होता. "तो फिर तुम्हारे पास बचा क्या?" मी म्हणालो, गाठी आहेत. ते म्हणाले, गाठी पाय डुलायला लागल्यानंतरच्या आहेत. आणि दिंद्रुडच्या बाईची फक्त आठवण, तिनं त्या वेळी कुठं काही मोजलं होतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. लेख छापून आला. त्यात पाय आहेत, हात आहेत, जीभ आहे. मनाबद्दल शेवटी दोन ओळी आहेत, त्याही 'कदाचित'नं सुरू होतात. माझं नाव त्यावर आहे आणि मला त्याची लाज नाही.

मला अजूनही माहीत नाही. एवढी वर्षं हेच काम करतो आहे, तरी त्या सकाळी दादाचा राग किती होता आणि आजार किती होता, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही. कदाचित दोन्ही एकाच हातानं तो गठ्ठा फेकत होते. पण मी माझ्या वहीत एक रकाना वाढवला. आधी पायाचा तोल, मग डोक्याचा तोल, आणि तिसरा रकाना सबब. तो मी घरच्यांना विचारत नाही, खाटेवरच्या माणसालाच विचारतो. बोलायला त्याला जितका वेळ लागेल तितका थांबतो. नवे डॉक्टर म्हणतात, डॉक्टरसाहेब एका मरीज़ाला दुपार लावतात. लागते. पुष्कळदा सबब निघतो. कुणाला मुलीच्या लग्नात मागं बसवलेलं असतं, कुणाचं बोलणं बायको अर्ध्यावर पुरं करत असते. आणि कधीकधी माणूस स्वतःच म्हणतो, न्हाई साहेब, ते काय झालं मलाबी कळलं न्हाई. तेव्हा मी ते आजाराच्या खात्यावर लिहितो, आधी नाही.

माय गेली. दादा गेला त्यालाही दोन पावसाळे झाले. वैनी वस्तीवर आहे, थोडी मेंढरं ठेवली आहेत तिनं. मी लग्न केलं नाही. या घरातल्या रक्तात काय चालत येतं ते मला पुस्तकातून आणि पुस्तकाबाहेरून माहीत आहे. हैदराबादेत आता माझी दोन खिडक्यांची जागा आहे. उर्दू मी अशी बोलतो की परका माणूस मला इथलाच समजतो. दवाखान्यात मान आहे. आणि दिवसाच्या शेवटी कुलूप उघडून आत गेलो की माझ्याशी बोलायला कुणी नाही.

दादा त्या सकाळी ज्या वयाचा होता त्याच्या पुढं मी दोन वर्षं आलो आहे. बोट नाकाला लावून बघतो, लागतं. सरळ रेषेत चालून बघतो, चालता येतं. अलीकडं मी वॉर्डात एकदा कंपाउंडरवर ओरडलो. त्यानं औषधाच्या बाटल्यांची अदलाबदल केली होती, ओरडायलाच हवं होतं. त्यानं उलट उत्तर दिलं नाही. खाली बघितलं. नर्सनं खाली बघितलं. साहेब आता म्हातारे झाले आहेत, ते दारात उभे होते, त्यांनीही खाली बघितलं. मला समजायला क्षणभर लागला. ते सगळे माझ्या पायांकडं बघत होते. साहेब फार मायेनं म्हणाले, आप थक गए हैं, आराम कीजिए.

गेल्या महिन्यात वस्तीवर गेलो होतो. ताटात भाजी खारट झाली होती आणि मी वैनीवर खेकसलो. फार वाईट बोललो, कारण काही तसं मोठं नव्हतं. ती चुलीपुढून उठली, कमरेवर हात ठेवून माझ्या तोंडासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मोठं डागतर असाल तिकडं. हितं ताटावर बसून बोलायचं काम न्हाई. खारट लागतंय तर उठा, आन सोताच्या हातानं करून खावा." मी तिच्याकडं बघत राहिलो. तिनं माझ्या पायांकडं नजर टाकली नाही. आज्जा, बाप, दादा सगळे माहीत असून टाकली नाही.

मी उठलो नाही. ती खारट भाजी सगळी खाल्ली. घर कुठं आहे असं कुणी मला आता विचारलं तर मी तेवढंच सांगेन. मी ओरडलो तर जिथं माझ्याशी भांडतात, तिथं.